कोल्हापुरीच्या कौतुकातून गाळलेला शब्द

२२ जून २०२५ रोजी इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीने पुढच्या उन्हाळ्यासाठीचे पुरुषांचे कपडे दाखवले. ते कपडे घालून चालणाऱ्या मॉडेलांच्या पायांत अंगठ्याची चामडी चप्पल होती. कंपनीने तिला नुसते 'लेदर सँडल' म्हटले. महाराष्ट्रातले शाळकरी पोरही सांगेल की ही कोल्हापुरी आहे.

मग व्हायचे ते झाले. वाहिन्या ओरडू लागल्या, मोबाईलवर 'आमच्या संस्कृतीची चोरी' असे संदेश फिरले. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या अध्यक्षांनी कंपनीला पत्र लिहिले आणि कंपनीच्या वतीने लॉरेन्झो बेर्तेल्ली यांनी उत्तर देऊन मान्य केले की या चपलेची प्रेरणा भारतातल्या पारंपरिक पादत्राणांची आहे. इथवरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे.

आम्ही त्या दिवसांत या विषयावर हाताला लागेल ते वाचत होतो. मराठी अस्मिता होती, शेकडो वर्षांचा वारसा होता, राजर्षी शाहूंचा राजाश्रय होता, तांबडा-पांढरा रस्सासुद्धा होता. 'कारागीर' हा शब्द तर ओळीओळीला होता. पण चर्मकार, ढोर हे शब्द शोधावे लागत होते. आणि जात हा शब्द जवळजवळ कुठेच नव्हता. ज्या वस्तूच्या प्रत्येक टाक्यात जात आहे, तिच्याविषयी हजारो शब्द लिहायचे आणि तेवढा एक शब्द गाळायचा, याला मोठे कौशल्य लागते. ते कौशल्य आपल्या माध्यमांकडे आहे.

'झाले, यांना आता चपलेतही जात दिसू लागली' असे म्हणणारे म्हणतीलच. त्यांना आमचे एवढेच सांगणे की चपलेत जात आम्ही घातलेली नाही. आम्ही फक्त खाली वाकून बघतो आहोत.

तर बघू. कोल्हापुरी चपलेला तिकडच्या बोलीत पायताण म्हणतात. कापशी, पुकरी, बक्कलनाळी अशी तिच्या घडणीवरून आणि गावांवरून पडलेली नावे आहेत. अस्सल पायताणात खिळा नसतो. तळाचे थर कातड्याच्याच वादीने शिवलेले असतात. वर पट्टा, बाजूला दोन कान, पुढे अंगठा, पट्ट्यावर बारीक वेणी. हे झाले दिसणारे. त्याआधीचे काम कोणी बघत नाही, कारण तिथे वास असतो. जनावर मेल्यावर किंवा कापल्यावर कातडे निघते, ते चुन्यात भिजवून केस आणि मांस खरवडून काढावे लागते. मग जुन्या पद्धतीत त्याच कातड्याची पिशवी शिवतात, तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा घातलेले पाणी भरतात आणि ती टांगून ठेवतात. ते पाणी कातड्यातून झिरपत राहते, पुन्हा भरावे लागते. असे होऊन कातडे पक्के होते. हे काम परंपरेने ढोर समाजाचे. त्याला मराठीत कातडे 'कमावणे' म्हणतात. कमावणाऱ्याच्या घरात कमाई कधी राहिली नाही ती नाहीच, पण क्रियापद मात्र भाषेने त्याला दिले.

कमावलेले कातडे चर्मकाराच्या घरी येते. तिथे रापीने कापणे, छिलणे, आरीने भोके पाडणे, शिवणे हे पुरुष करतात असे छायाचित्रांत दिसते. छायाचित्र घेणारा माणूस ओसरीवर उभा असतो, म्हणून त्याला तेवढेच दिसते. आत बायका वेणी घालत असतात, पट्ट्यावरची बारीक शिवण करत असतात. कोल्हापुरातले सुभाषनगर असो की सीमेपलीकडचे अथणी, निपाणी असो, बायकांच्या बोटांशिवाय कोल्हापुरी पुरी होत नाही. त्या बोटांची मजुरी घरच्या हिशेबात वेगळी धरली जात नाही.

मजुरीचेच बोलायचे तर आम्ही ज्या एका घरात बरेचदा बसतो, तिथे साध्या जोडामागे हातात पडणारे पैसे ४०० रुपयांच्या आत असतात. त्यात नवरा, बायको आणि सुट्टीच्या दिवशी मुलगी अशा तिघांचे काम धरलेले असते. तोच जोड शहरातल्या दुकानात तिप्पट-चौपट भावाने लटकलेला आम्ही पाहिला आहे. तेच पायताण एखाद्या 'हँडक्राफ्टेड' म्हणवणाऱ्या वेबसाईटवर गेले की त्याचा फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर येतो आणि भाव आणखी वर चढतो. वाढलेल्या भावातला एक रुपया उलट वाहत सुभाषनगरात येत नाही. दलालाला शिव्या देणे सोपे आहे. पण दलाल तयार का होतो? कारण बनवणाऱ्याला बाजारपेठेत स्वतःचे दुकान घालणे पिढ्यान्‌पिढ्या शक्य नव्हते. भांडवल नव्हते, जागा नव्हती आणि जागा मिळाली तरी 'त्यांच्या' शेजारी कोण दुकान थाटणार हा प्रश्न होता. जातीने आखलेल्या रेषेवरच दलाल उभा आहे.

आता कायद्याकडे येऊ, कारण त्या गदारोळात 'जीआय, जीआय' असे बरेच झाले. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. ते आठ जिल्ह्यांसाठी आहे: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर. म्हणजे जे लोक 'मराठी अस्मिता' म्हणून गळा काढत होते, त्यांची निम्मी चप्पल कन्नड बोलणारी आहे, हे त्यांनी लक्षात घ्यायला हरकत नाही. आणि हे मानांकन नावाचे रक्षण करते, आकाराचे नाही. 'कोल्हापुरी' हे नाव लावून कोणी आग्ऱ्याच्या कारखान्यात यंत्रावर केलेली चप्पल विकली तर कायदा बोलू शकतो. पण नावच न लावता तोच आकार कोणी मिलानमध्ये दाखवला, तर भारतातल्या जीआय कायद्याचा हात तिथवर पोचणे कठीण. प्राडाने नाव घेतले नाही, यात निव्वळ विसराळूपणा होता असे मानायला आम्ही तयार नाही. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही केली. न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ती फेटाळली. मानांकन ज्यांच्या नावे आहे त्यांनी यावे, तुम्ही कोण, असा त्याचा साधारण आशय. कायद्याच्या अंगाने हे बरोबरच आहे. आम्हाला त्यातले निराळेच लागले. चपलेच्या वतीने न्यायालयात गेले ते वकील, पत्र लिहिले ते व्यापारी संघटनेने, वाहिन्यांवर बोलले ते पुढारी. ज्याच्या हातात आरी होती तो या सगळ्यात फोटोपुरता होता.

भौगोलिक मानांकनाचे मूळ तत्त्वच बघा. ते वस्तूला भूगोल देते. माती, पाणी, हवा, गाव. द्राक्षाला, आंब्याला, हळदीला हे ठीक आहे. हापूस रत्नागिरीच्या मातीतून येतो. पण कोल्हापुरी कोल्हापूरच्या मातीतून उगवलेली नाही. ती तिथल्या जातिव्यवस्थेतून आली आहे. विशिष्ट लोकांना दुसरे काही करू दिले नाही, वस्तीबाहेर ठेवले, मेलेले जनावर त्यांच्या गळ्यात बांधले, आणि त्या कोंडवाड्यात त्यांनी स्वतःच्या बुद्धीने असे पायताण घडवले की शेकडो वर्षांनी मिलानला त्याचा मोह पडला. १९३६ साली बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की जात ही कामाची नुसती वाटणी करत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वेगवेगळ्या कप्प्यांत कोंडते. आजच्या फॅशनच्या भाषेत त्या कप्प्याला 'हेरिटेज' म्हणतात. कप्पा तोच आहे, पण त्याच्यावर पिवळा दिवा सोडला की छान दिसतो.

डिसेंबर २०२५ मध्ये प्रकरणाला वेगळे वळण लागले. प्राडाने महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाशी आणि कर्नाटकाच्या डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळाशी करार केला. या दोन राज्यांतल्या कारागिरांकडून २००० जोड करून घ्यायचे, किंमत साधारण ८०० युरो, विक्री फेब्रुवारी २०२६ पासून, कारागिरांना प्रशिक्षण, काहींना इटलीत शिकायची संधी, असे जाहीर झाले. आमच्या काही मित्रांनी याला लगेच भांडवलशाहीचा सापळा म्हटले. आम्ही तसे म्हणणार नाही. ४०० रुपये हे काही समाजवादी मूल्य नव्हे. चर्मकाराचा पोरगा इटलीत जाऊन कटिंग शिकणार असेल तर त्याने पहिल्या विमानाने जावे. बाबासाहेब कोलंबियाला गेले तेव्हा बडोद्याच्या महाराजांचे पैसे होते, म्हणून कोणी त्यांना सरंजामशाहीचे हस्तक म्हटले नाही.

पण ८०० युरोंतला किती भाग कुठे जातो, हे त्या जोडाच्या डबीवर लिहिलेले असेल का? ज्याने शिवले त्याचे नाव असेल का? मुख्य म्हणजे, हा कारागीर तिथे आराखडा करणारा म्हणून गणला जाईल, की सांगितलेल्या मापाने शिवणारा? पॅरिस-मिलानच्या जगात डिझायनरचे नाव ही सगळ्यात महाग गोष्ट असते. कापड, कातडे, धागा यांना तेवढी किंमत नसते. आणि कापशी पायताणाचा डिझायनर कोण, असे विचारले की आपण म्हणतो 'परंपरा'. परंपरेला पगार द्यावा लागत नाही, हा तिचा मोठा फायदा.

इथे थोडे मागे जायला हवे, कारण आमच्या चळवळीतल्याही अनेकांना वाटते की फॅशन हा पोट भरलेल्यांचा विषय आहे. शिक्षण, आरक्षण, अत्याचार यांच्यापुढे कपड्यांचे काय घेऊन बसलात? आम्ही समाजशास्त्रात एम.ए. करत असताना एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आम्हाला हेच सुनावले होते. त्यांच्या अंगावर तेव्हा कडक इस्त्रीचा निळा कोट होता.

अहो, आपल्याला कोणी कपडे कसे घालायचे हे विचारून दिले होते का? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने काय नेसावे ते लिहून ठेवले आहे: प्रेतावरची वस्त्रे. दागिने कसले? लोखंडाचे. जगात ड्रेसकोड म्हणून जे काही झाले असेल, त्यात याच्याइतका स्पष्ट ड्रेसकोड विरळा. गावागावांत त्याच्या शाखा होत्या. नवे धोतर नेसले म्हणून मार, लुगडे घोट्यापर्यंत नेसले म्हणून मार, लग्नात नवरदेवाने फेटा बांधून घोड्यावर बसले म्हणून मार. ही शेवटची बातमी तर अजून दर लग्नसराईत येते. आणि वरच्या आळीतून जाताना पायताण काढून हातात घ्यायचे. गावाला पायताण शिवून देणारा माणूस गावातून अनवाणी चालला आहे, हे चित्र कोल्हापुरीच्या कुठल्याही देखण्या पुस्तकात छापलेले आम्ही पाहिलेले नाही.

म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी, मनुस्मृती जाळून झाल्यावर, बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले आणि लुगड्याबद्दल बोलले. वरच्या जातीच्या बायका नेसतात तसे घोट्यापर्यंत नेसा. कथलाच्या, चांदीच्या जाडजूड पाटल्या आणि गळ्यातल्या माळांचे ओझे टाका, कारण त्यांवरून तुमची जात दुरून ओळखू येते. आणि बायकांनी ते लगोलग केले, अशी नोंद आहे. एका दिवसात नेसण बदलली! फॅशनच्या इतिहासात 'नवा सिल्हूएट' म्हणून ज्यांची पाने भरतात, त्यांत महाडच्या त्या बायका नाहीत. खरे तर त्यांचे पान पहिले असायला हवे. त्यांच्या अंगावरच्या एका निऱ्यांच्या फरकाने कोकणातल्या किती ओट्यांवर आग लागली असेल!

स्वतः बाबासाहेबांच्या सुटाविषयी आम्ही नव्याने काय सांगणार. गांधींनी कपडे कमी केले त्याचे तत्त्वज्ञान झाले, बाबासाहेबांनी पूर्ण केले त्याचा 'साहेबीपणा' झाला. ज्याच्याकडे टाकायला काही होते त्याने टाकले, ज्याला घालूच दिले नव्हते त्याने घातले. १४ ऑक्टोबर १९५६ ला मात्र नागपुरात त्यांच्या अंगावर पांढरे होते आणि समोरच्या लाखोंच्याही. कुठे काय घालायचे हे त्या माणसाला नेमके कळत होते. आज सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलांवर पोरेपोरी 'जय भीम'चे टी-शर्ट आणि हुडी निवडताना बघितली की आम्हाला वाटते, स्टाईल आपल्याकडे वारशाने आली आहे. तिच्यासाठी मार खाल्लेला आहे.

आता अवघड भाग. आम्ही बौद्ध. आमच्या आज्या-पणज्यांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, ते बाबासाहेबांच्या सांगण्यावरून. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच्या नागपूरच्या भाषणात त्यांनी जुना वाद सांगितला होता: ढोरे ओढणे सोडल्यामुळे या गरिबांचे वर्षाकाठी कातड्या-शिंगांचे पाचशे रुपये बुडतात, अशी कळकळ कोणी 'केसरी'तून दाखवली होती. त्यावर बाबासाहेबांचे म्हणणे असे की एवढा नफा असेल तर तुम्हीच करा, वर पाचशे मी देतो. आमच्या घरांत ही गोष्ट हसत हसत सांगितली जाते. प्राडाच्या निमित्ताने ज्यांना चर्मोद्योगातले सौंदर्य अचानक दिसले, त्या सगळ्यांना हा प्रस्ताव अजून खुला आहे.

पण चर्मकार आणि ढोर समाजातल्या बऱ्याच लोकांनी काम सोडले नाही. सुभाषनगरातल्या त्या घरात आम्ही एकदा तावातावाने बोलत होतो, की मुलांना यातून बाहेर काढा. घरधनी रापी चालवत होते. मान वर न करता म्हणाले, "तुमच्या लोकांनी सोडलं, बरं केलं. तुमच्याकडनं ढोरं ओढून घ्यायचे, फुकट. आमच्या हातात विकायला काहीतरी हुतं. ते सोडून आम्ही काय विकायचं, सांगा की."

हा प्रश्न आम्ही इथे मांडतो, कारण आमच्या लेखनात तो सहसा येत नाही. फुकटची वेठ टाकून देणे आणि पैसे देणारे कसब टाकून देणे यांत फरक आहे. कसब अपमानाचे असते असे नाही. कसब जन्माने चिकटवले जाते तेव्हा ते अपमानाचे होते. इटलीतला चांभार, आम्ही मुद्दाम हाच शब्द वापरतो, आपल्या दुकानावर आजोबांचे नाव सोनेरी अक्षरांत लिहितो. त्याच्या पोराला डॉक्टर व्हायचे असेल तर गाव आडवा येत नाही. आपल्याकडे हाच शब्द शिवी म्हणून वापरला जातो. 'चमार' म्हणून अपमान करणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाला २००८ साली सांगावे लागले. शब्द एकच, माल एकच, पण एका देशात तो दुकानाची पाटी होतो, दुसऱ्या देशात फिर्यादीतला मजकूर.

याच शब्दाची पाटी करणारा एक माणूस मुंबईत आहे. सुधीर राजभर हे कलावंत. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी बैलापर्यंत वाढवली गेली आणि धारावीतल्या चामड्याच्या कारागिरांच्या कामावर गदा आली. दुसऱ्या वर्षी गुजरातेत ऊनाला मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना भर रस्त्यात फोडून काढले. एकीकडे कातड्याचे काम तुमच्याच जातीचे म्हणायचे, दुसरीकडे ते केले म्हणून मारायचे. अशा काळात राजभरांनी धारावीतल्या कारागिरांना बरोबर घेऊन टाकाऊ रबरापासून पिशव्या आणि फर्निचर करायला घेतले आणि नाव ठेवले 'चमार स्टुडिओ'. २०२४ च्या डिसेंबरात मायामीच्या डिझाइन प्रदर्शनात त्यांची खुर्ची मांडली गेली, तिच्यावर गायिका रिहाना बसलेला फोटो जगभर फिरला.

आम्हाला हा प्रकार प्राडाच्या करारापेक्षा अधिक विचार करायला लावतो. इथे जात लपवलेली नाही, ती थेट लेबलवर आहे. श्रीमंत गिऱ्हाइकाला ती वस्तू मागायची तर तोंडाने तो शब्द उच्चारावा लागतो, आणि आदराने. याला आम्ही मोठी गोष्ट मानतो. तरी शंका आहेच. एखाद्या कारागिराला ही जात आपल्या मालावर नको असेल तर? ज्या बाईने मुलांच्या शाळेत आडनाव बदलून घेतले, तिने आपल्या पिशवीवर हा शब्द का मिरवावा? मिरवायचा की टाकायचा हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि ठरवण्याइतके पैसे त्याच्या गाठीला असावेत. गरजू माणसाने अभिमानाच्या नावाखाली मिरवणे म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या इच्छेने कपडे घालणे झाले.

सुभाषनगरच्या त्याच घरातली मुलगी आमच्या अभ्यासिकेत येत असे. चित्रकला उत्तम. तिने डिझाइनचे शिक्षण घ्यायचे ठरवले, प्रवेश परीक्षेची पहिली फेरी पार केली आणि एका नावाजलेल्या संस्थेत मुलाखतीला गेली. तिच्या वहीत धावण्याच्या बुटांची चित्रे होती. पावसात ट्रॅकवर न घसरणारे तळ, रुंद पंजाच्या मुलींसाठी वेगळा साचा, असे बरेच काही. समोर बसलेल्यांना घरचा व्यवसाय कळला आणि त्यांचे चेहरे उजळले. किती समृद्ध वारसा! मग स्पोर्ट्स शूज कशाला? तुझ्या समाजाची गोष्ट सांग ना. आजीने कधी काही शिकवले का? ती म्हणाली, आजीने शाळेत जायला शिकवले. निवड झाली नाही.

मुलाखतीत कोणी तिला जातीवरून हिणवले नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. उलट कौतुकच केले. पण बाकीच्या उमेदवारांना जपानी साधेपणा आवडण्याची मुभा होती, कोणाला स्कॅन्डिनेव्हियन खुर्च्या, कोणाला अंतराळवीरांचे पोशाख. भटजींच्या मुलीला कोणी 'पळी-पंचपात्रीचे नवे डिझाइन कर' असे म्हणत नाही. तिला सगळे जग मोकळे आहे. आमच्या मुलीला मात्र तिच्या आजोबांच्या ऐरणीजवळच बसवायचे, फक्त आता ऐरणीखाली छानसा गालिचा घालायचा. पूर्वी सांगत, तू दुसरे काही करू शकत नाहीस. आता सांगतात, तू दुसरे काही कशाला करतेस, हे किती सुंदर आहे! परिणाम तोच.

पर्यटनातही हेच येऊ लागले आहे. अंबाबाईचे दर्शन, रंकाळा, पन्हाळा आणि मधे दोन तास 'कारागिराच्या घरी'. पाहुणे येतात, रापी हातात धरून फोटो काढतात, वासाने नाक मुरडायचे नाही एवढी सभ्यता पाळतात, आणि जाताना भाव पाडतात. हो, भाव पाडतात. मॉलमध्ये छापील किमतीला मान तुकवणारा माणूस ओसरीवर आला की शंभर रुपयांसाठी अडून बसतो. त्याच्यासमोर माल नसतो, माणूस असतो, आणि या माणसाशी घासाघीस करायची सवय त्याला घरातूनच मिळालेली असते.

आम्हाला विचारले जाते की मग कोल्हापुरी घालायची की नाही. जरूर घाला. सुटावर घाला, जीन्सवर घाला, लग्नात घाला. पांढऱ्या कुर्त्यावर गडद तेलकट रंगाचे पायताण जेवढे उठून दिसते तेवढे दुसरे काही दिसत नाही, हे आमचे पक्के मत आहे. पहिले आठ दिवस चावेल, तेल लावा. फक्त घेताना दुकानदाराला विचारा की हे कोणी केले, कुठल्या गावात. त्याला सांगता आले नाही तर पुढच्या दुकानात जा. शक्य असेल तर बनवणाऱ्याच्या हातूनच घ्या आणि भाव पाडू नका. आणि कोणी 'आपली कोल्हापुरी' म्हणाले तर त्या 'आपली'मध्ये कोण कोण धरले आहे, एवढे जरूर विचारा. दोन्ही राज्यांच्या महामंडळांकडे आमची मागणी याहून सोपी आहे. प्राडाबरोबरच्या करारातले मजुरीचे आकडे मराठीत आणि कन्नडमध्ये छापा आणि आठही जिल्ह्यांतल्या वस्त्यांत लावा. बायकांच्या कामाची मजुरी त्यात वेगळी दाखवा.

त्या मुलीने यंदा पुन्हा फॉर्म भरला आहे. वहीत सोळा नवी चित्रे आहेत, सगळी धावण्याच्या बुटांची. पायताण एकही नाही. मागच्या आठवड्यात तिने ती वडिलांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून एकेक पान उलटले, एका बुटाच्या टाचेवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "हितं शिवण घेतलीस तर चार दिवसांत उसवंल. जरा खाली घे."

तिने खोडरबर काढले.